आडवी आलेली जमीन

‘डाउनटाउन पेनेट्रेटर’ हे नाव कुणा टीकाकाराने उपहासाने ठेवलेलं नाही. १९६०च्या दशकात कॅनडातल्या कॅल्गरीचा वाहतूक आराखडा करणाऱ्यांच्याच तोंडी ते होतं आणि त्यात काही वावगं असल्याचं त्यांना वाटलेलं दिसत नाही. पश्चिमेकडच्या सार्सी ट्रेलपासून निघून आजच्या दुसऱ्या-तिसऱ्या अॅव्हेन्यूच्या पट्ट्यातून हा फ्रीवे थेट शहराच्या मध्यात घुसणार होता. मधे ओ क्लेअरची जुनी वस्ती होती, चायनाटाउन होतं. नकाशावरच्या जाड रेघेखाली दोन्ही झाकली गेली.

ही रेघ ओढण्याची घाई शहराला का झाली, हे समजायला वीस वर्षं मागे जावं लागतं. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी अल्बर्टात लेदुक इथे तेल लागलं. विहीर एडमंटनच्या अंगणात, पण तेलकंपन्यांच्या कचेऱ्या होत्या तिथेच, म्हणजे तीनशे किलोमीटर दक्षिणेला कॅल्गरीत, वाढत गेल्या. १९५१ साली १ लाख २९ हजार वस्तीचं हे गाव १९७१ साली चार लाखांवर गेलं. पैसा आला, मोटारी आल्या, माळरानावर चारी दिशांनी बंगल्यांच्या वसाहती पसरल्या. १९०९ पासून धावणारी महापालिकेची ट्राम डिसेंबर १९५० मध्ये मोडीत निघाली होती. रूळ उखडून तीस वर्षंही होत नाहीत तोच शहराला पुन्हा रूळ टाकावे लागले. पण तेव्हा हे सांगणाऱ्याला कुणी जवळ उभं केलं नसतं.

१९६७ साली कॅल्गरी ट्रान्सपोर्टेशन स्टडीचा आराखडा आला. त्यात फ्रीवे आणि एक्स्प्रेसवेचं जाळंच होतं. सिम्पसन अँड कर्टिन या सल्लागारांनी त्याच वर्षी रेल्वेचाही एक प्रस्ताव मांडला होता. दोन मार्ग, डाउनटाउनखाली बोगदा, म्हणजे मोठ्या शहरांत असते तशी मेट्रो. तो कागदावर राहिला. रस्त्यांची कामं मात्र निघाली.

चायनाटाउनच्या लोकांना ही भाषा नवी नव्हती. १९१० साली कॅनेडियन नॉर्दर्न रेल्वे शहरात येणार म्हटल्यावर तेव्हाचं चायनाटाउन होतं त्या दक्षिणेकडच्या जागेचे भाव चढले, घरमालकांनी जागा विकल्या आणि तिथले चिनी दुकानदार, धोबी, खाणावळवाले रस्त्यावर आले. तेव्हा त्यातल्या काहींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. पैसे जमवून सेंटर स्ट्रीट आणि दुसऱ्या अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर स्वतःच्या नावावर जागा घेतली. शेजारच्यांनी ओरड केली, पण खरेदीखत झालेलं होतं. आजचं चायनाटाउन ते हेच. म्हणजे एकदा रेल्वेने उठवलेली वस्ती साठ वर्षांनी मोटाररस्ता उठवायला निघाला होता.

या खेपेला त्यांच्याकडे जागेची कागदपत्रं होती आणि इंग्रजीत भांडणारी तरुण पिढी होती. कॅल्गरीतल्या चिनी मंडळींच्या सिएन लोक सोसायटीने एप्रिल १९६९ मध्ये कॅनडाभरच्या चायनाटाउनच्या प्रतिनिधींना कॅल्गरीत बोलावलं. विषय एकच: शहरसुधारणेच्या नावाखाली आपल्या वस्त्यांचं काय होतं आहे. व्हँकुव्हरच्या चिनी वस्तीने त्याच सुमारास आपल्या अंगावर येणारा फ्रीवे अडवला होता. १९७१ च्या जूनमध्ये टोरांटोचा स्पॅडायना एक्स्प्रेसवे खुद्द प्रांताच्या सरकारनेच रद्द केला. कॅल्गरीचा पेनेट्रेटरही बारगळला. त्याला एकट्या चायनाटाउनने मारलं म्हणणं खोटं ठरेल, खर्चाचा आकडाही डोळे फिरवणारा होता. पण मोबदला घेऊन गुपचूप उठणारी वस्ती वाटेत असती, तर आज बो नदीकाठी झाडं आणि पायवाटांऐवजी रॅम्पचं जंजाळ दिसलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

नदीकाठ त्याआधीही एकदा थोडक्यात वाचला होता. १९६३ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे आणि महापालिका यांच्यात एक सौदा ठरत आला होता: डाउनटाउनच्या दक्षिण कडेचे रूळ उचलून बो नदीच्या काठाने न्यायचे, त्यांच्या जोडीला एक मोटाररस्ता काढायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेवर इमारती उठवायच्या. शहरातल्या महिला संघटनांनी नदीकाठासाठी रान उठवलं. वाटाघाटी लांबत गेल्या आणि १९६४ च्या उन्हाळ्यात सगळं मोडलं. या प्रकरणात रेल्वेच्या बाजूने शहरात आलेले गृहस्थ, रॉड साइक्स, पुढे १९६९ मध्ये कॅल्गरीचे महापौर झाले. राजकारणात असं होतं.

साइक्स यांच्या काळात महापालिकेचा सूर हळूहळू बदलला. फ्रीवे डाउनटाउनपर्यंत आणायचे नसतील तर तेलकंपन्यांच्या मनोऱ्यांत रोज येणाऱ्या माणसांना आणायचं कसं? एक उत्तर उलट्या बाजूने आलं. डाउनटाउनमधल्या नव्या इमारतींना हवी तेवढी पार्किंगची जागा बांधू द्यायची नाही. जागा कमी, म्हणून भाडं चढं. कॅल्गरीच्या डाउनटाउनमध्ये दिवसभर गाडी उभी करणं उत्तर अमेरिकेतल्या महागड्या गोष्टींपैकी एक झालं ते असं. मोटारीवर जीव असलेल्या शहराने हा निर्णय मुकाट्याने पचवला, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते.

दुसरं उत्तर होतं रेल्वे, पण १९६७ ची महागडी मेट्रो नव्हे. एडमंटनने एप्रिल १९७८ मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने जर्मन बनावटीच्या हलक्या गाड्यांची लाइन सुरू केली, डाउनटाउनमध्ये बोगदा खणून. कॅल्गरीच्या महापालिकेने त्याआधी वर्षभर, मे १९७७ मध्ये, आपल्या लाइनला मंजुरी दिली होती. गाड्या त्याच जातीच्या, सीमेन्स-दुवागच्या यू-टू. बोगदा मात्र टाळला. सातव्या अॅव्हेन्यूवरून खासगी मोटारी हटवायच्या आणि रस्त्याच्या पातळीवर, सिग्नल पाळत, बसच्या सोबतीने ट्रेन न्यायची. दक्षिणेकडे तर रेल्वेची जुनी वाट तयारच होती. कॅनेडियन पॅसिफिकच्या रुळांच्या कडेने नवे रूळ टाकले, एका टेकडीखालून बोगदा काढला. टेकडीचं नाव सिमेटरी हिल, वर शहराची दफनभूमी. कुणाचं घर पाडायचं नाही, शक्यतो कुणाची जमीन घ्यायची नाही, हे सूत्र जणू ठरूनच गेलं होतं.

हे काम ज्यांच्या हाताखाली झालं त्या अभियंत्याचं नाव ऑलिव्हर बोवेन. त्यांचे पूर्वज १९१० च्या सुमारास अमेरिकेच्या ओक्लाहोमातला वर्णद्वेष सोडून अल्बर्टाच्या उत्तरेला अँबर व्हॅलीत येऊन वसलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांपैकी. पाणथळ, झाडोऱ्याची जमीन, ती साफ करून त्यांनी गाव उभं केलं. त्या गावचा मुलगा शहराच्या पहिल्या लाइट रेल्वेचा प्रमुख झाला. गाड्यांच्या दुरुस्तीचा एक मोठा कारखाना आज त्यांच्या नावाने आहे. शहरातल्या किती प्रवाशांना ते नाव कुणाचं हे ठाऊक असेल, कोण जाणे.

२५ मे १९८१ रोजी अँडरसनपासून डाउनटाउनपर्यंतची सुमारे तेरा किलोमीटरची लाइन सुरू झाली. नाव पडलं सी-ट्रेन. सॅन दिएगोची ट्रॉली, जिचं कौतुक अमेरिकेत अजून होतं, ती दोन महिने मागाहून आली. डाउनटाउनच्या टप्प्यात तिकीट नव्हतं आणि आजही नाही. सातव्या अॅव्हेन्यूवर कुठल्याही स्टेशनात चढा, चार चौक पुढे उतरा, फुकट. बाहेरच्या स्टेशनांतही फाटक नाही, तिकीट खिशात ठेवायचं आणि तपासनीस आलाच तर दाखवायचं. दारं आपोआप उघडत नाहीत, दारावरचं बटण दाबावं लागतं. जानेवारीत पारा उणे तिसावर गेलेला असताना प्रत्येक स्टेशनात सगळी दारं उघडी टाकायची म्हणजे डब्यातली ऊब रस्त्यावर ओतणंच.

सातव्या अॅव्हेन्यूची ही सोय तात्पुरती मानली जात होती. प्रवासी वाढले की आठव्या अॅव्हेन्यूखाली बोगदा काढू, असा हिशोब होता. १९८०च्या दशकात महापालिकेची नवी इमारत बांधताना तिच्या पोटात भविष्यातल्या त्या भुयारी मार्गासाठी जागाही राखून ठेवली. तिथे अजून एकही गाडी गेलेली नाही. पुढे बोगद्याऐवजी सातव्या अॅव्हेन्यूवरचेच फलाट पाडून लांब बांधले आणि २०१५ पासून तीनऐवजी चार डब्यांच्या गाड्या सुरू केल्या. ‘सध्यापुरतं’ म्हणून उभारलेल्या गोष्टीचं आयुष्य किती असतं हे पुणे-मुंबईच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. शिवाय या सध्यापुरत्या सोयीने काम केलं. कोविडच्या आधी कामाच्या दिवशी तीन लाखांवर फेऱ्या होत होत्या. कॅल्गरीपेक्षा कितीतरी मोठ्या अमेरिकन शहरांना हा आकडा गाठता आलेला नाही.

दुसरी लाइन वायव्येला विद्यापीठाकडे जायची होती. नदी ओलांडली की लागतं सनीसाइड: लहान घरं, अरुंद गल्ल्या, भाडेकरू, विद्यार्थी, आणि कुठल्याही सूचनेवर हरकत नोंदवायला तत्पर मंडळी. ट्रेन आली की मागोमाग बिल्डर येतील आणि वस्ती उंच इमारतींखाली जाईल, ही त्यांची भीती काही अनाठायी नव्हती. वाद चिघळला. तेव्हा महापालिकेने क्रमच बदलला आणि आधी ईशान्येची लाइन घेतली. तिकडे मेमोरियल ड्राइव्ह आणि छत्तिसाव्या स्ट्रीटच्या मधल्या दुभाजकात जागा होती. दुभाजकाला हरकत घेणारा रहिवासी नसतो. २७ एप्रिल १९८५ ला ही लाइन व्हाइटहॉर्नपर्यंत पोचली. पण दोन्ही बाजूंनी मोटारींचे ताफे वाहत असलेल्या रस्त्याच्या मध्यावर स्टेशन म्हणजे चालत येणाऱ्याची शिक्षा, लांबलचक पादचारी पूल चढून उतरल्याखेरीज गाडी नाही. हरकत न आल्याची किंमत तिथले प्रवासी चाळीस वर्षं मोजत आहेत. त्यांत आज भारतीय उपखंडातून आलेली माणसं भरपूर आहेत, मार्टिनडेल आणि सॅडलटाउन स्टेशनांवर पंजाबी सर्रास ऐकू येते.

मधे तेलाचा फुगा फुटला होता. ऑक्टोबर १९८० मध्ये ओटावाच्या सरकारने राष्ट्रीय ऊर्जा धोरण आणलं, मग तेलाचे भाव घसरले, क्रेन थांबल्या, आणि १९८३-८४ मध्ये शहराची लोकसंख्या किंचित का होईना, घटली. अशा दिवसांत रेल्वेचं बांधकाम बंद पडायला वेळ लागत नाही. कॅल्गरीला १९८८ चं हिवाळी ऑलिंपिक मिळालेलं होतं म्हणून निभावलं. उद्घाटन मॅकमहॉन स्टेडियमवर, म्हणजे नेमकं वायव्येच्या वाटेवर. सनीसाइडशी तडजोडी झाल्या आणि ७ सप्टेंबर १९८७ ला विद्यापीठापर्यंत गाडी सुरू झाली, खेळांच्या पाच महिने आधी. महापौर तेव्हा राल्फ क्लाइन होते, पूर्वीचे टीव्ही पत्रकार, पुढे प्रांताचे मुख्यमंत्री. पुढची पंचवीस वर्षं दोन्ही लाइनी एकेका स्टेशनाने लांबत गेल्या. २०१२ च्या डिसेंबरमध्ये पश्चिमेची ८.२ किलोमीटरची लाइन आली, खर्च सुमारे १.४ अब्ज डॉलर. स्वस्त रेल्वेचे दिवस संपल्याची ती दवंडीच होती.

रस्ते तोवर थांबले नव्हतेच. पेनेट्रेटर गेला, पण शहराच्या पूर्वेकडून उत्तर-दक्षिण जाणारा डीअरफूट ट्रेल १९७०च्या दशकापासून तुकड्यातुकड्यांनी होत राहिला. कारखाने, मालधक्के, नदीचं खोरं यांच्यामधून जाणाऱ्या या रस्त्याला अडवायला फारसं कुणी नव्हतं. आज त्याच्या सर्वांत गजबजलेल्या भागातून रोज दीड लाखांवर गाड्या जातात. त्याला नाव दिलंय ते १८८०च्या दशकात पैजेच्या शर्यती गाजवणाऱ्या आपी-काई-ईस या सिक्सिका धावपटूचं, गोरे त्याला डीअरफूट म्हणत. क्रोचाइल्ड ट्रेल हे त्सूट’इना प्रमुख डेव्हिड क्रोचाइल्ड यांच्या नावाचं. सार्सी हे त्सूट’इनांना बाहेरच्यांनी लावलेलं जुनं नाव. मूळ रहिवाशांची नावं रस्त्यांवर अशी मुबलक, आणि शहराची हद्द मात्र नैर्ऋत्येला जिथे अडून बसली, तिथे जमीन खरोखर त्यांची होती.

मूळ रहिवाशांशी झालेल्या १८७७ च्या सातव्या तहानंतर त्सूट’इनांना सिक्सिकांच्या शेजारी एकत्र ठेवण्याचा सरकारचा बेत होता. त्यांचा प्रमुख बुल हेड याने तो मानला नाही. स्वतःची वेगळी जमीन हवी म्हणून तो अडून बसला आणि १८८३ साली कॅल्गरीच्या नैर्ऋत्येला त्यांचं रिझर्व्ह, म्हणजे राखीव जमीन, ठरलं. नेमक्या त्याच वर्षी कॅनेडियन पॅसिफिकची पहिली गाडी कॅल्गरीत आली. पुढे शहर वाढत रिझर्व्हच्या कुंपणाला टेकलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लेनमोर जलाशयासाठी त्यातला वीझलहेडचा भाग शहराने विकत घेतला. आणखी एक मोठा तुकडा लष्कराने सरावासाठी भाड्याने घेतला आणि जाताना जमिनीत न फुटलेले तोफगोळे ठेवून गेलं. ती जमीन साफ करण्यात वर्षं गेली.

अल्बर्टा सरकारने १९७०च्या दशकात शहराभोवती एक पट्टा राखून ठेवला: पुढेमागे बाह्यवळण रस्ता, विजेच्या तारा, नळ यांच्यासाठी. जागेला भाव येण्याआधी जागा राखायची, ही साधी गोष्ट. आपल्याकडे पुण्याच्या विकास आराखड्यात १९८७ साली आखलेल्या वर्तुळाकार एचसीएमटीआर मार्ग कसा कागदावरच रेंगाळला ते आठवलं की त्या पट्ट्याचं मोल कळतं. स्टोनी ट्रेल या नावाने हा रस्ता वायव्येकडून सुरू झाला, नोव्हेंबर २००९ मध्ये ईशान्येचा भाग खुला झाला, नोव्हेंबर २०१३ मध्ये आग्नेयेचा. फक्त नैर्ऋत्येला घोडं अडलं. तिथे एका बाजूला जलाशय आणि वीझलहेडचं जंगल, दुसऱ्या बाजूला रिझर्व्ह. रिझर्व्हमधून जायचं तर त्सूट’इनांची संमती हवी.

२००९ च्या जूनमध्ये करार मतदानाला टाकला गेला. लोकांनी तो फेटाळला. शहरात हळहळ झाली, काहींनी त्राग्याने दुसऱ्या वाटाही सुचवल्या, पण सक्तीचं भूसंपादन इथे चालणार नव्हतं. २४ ऑक्टोबर २०१३ ला दुसऱ्यांदा मतदान झालं आणि या वेळी होकार आला. महिनाभरात प्रमुख रॉय व्हिटनी आणि मुख्यमंत्री अॅलिसन रेडफर्ड यांनी सह्या केल्या. अटी वाचण्यासारख्या आहेत. रिझर्व्हची १,०५८ एकर जमीन जाणार, बदल्यात ५,३३८ एकर सरकारी जमीन रिझर्व्हला जोडली जाणार, वर सुमारे ३४ कोटी डॉलर. आणि हस्तांतरणापासून सात वर्षांत रस्ता झाला नाही तर जमीन परत. सरकारी प्रकल्पाला मुदतीचा चाप लावणारी ही शेवटची अट ज्याने घातली त्याला सरकारं नीट ओळखीची असावीत. वाटेतल्या काही कुटुंबांची घरं मात्र गेली. होकार बहुमताचा होता, एकमुखी नव्हता.

१ ऑक्टोबर २०२० ला त्सूट’इना ट्रेलचा मुख्य भाग खुला झाला. त्याच्या महिनाभर आधीच रस्त्यालगत रिझर्व्हच्या जमिनीवर कॉस्टकोचं भलंमोठं दुकान उघडलं होतं. जमीन विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. आजूबाजूला ताझा नावाने घरं-दुकानांची मोठी वसाहत उभी राहते आहे. ज्या रस्त्याने शहराला वळसा मिळाला, त्याच रस्त्याने त्सूट’इनांना गिऱ्हाईक मिळालं. १९ डिसेंबर २०२३ ला पश्चिमेचा शेवटचा तुकडा जोडून १०१ किलोमीटरचं वर्तुळ पूर्ण झालं.

रुळांचं घोडं तेवढ्यात पुन्हा अडलं. उत्तर आणि आग्नेय उपनगरांना जोडणारी ग्रीन लाइन २०१५ साली ४६ किलोमीटरची होती, खर्चाचा अंदाज ४.६५ अब्ज डॉलर. दोन वर्षांत पहिल्या टप्प्यापुरती ती वीसेक किलोमीटरवर आली आणि पैसे तेवढेच लागणार असं दिसलं. कारण पुन्हा डाउनटाउन. सातवा अॅव्हेन्यू दोन लाइनींनी तुडुंब भरलेला, म्हणून नव्या गाडीसाठी बोगदा, आणि नदीकाठच्या ओल्या जमिनीत बोगदा म्हणजे खर्चाला तळ नाही. जुलै २०२४ मध्ये महापालिकेने मार्ग आणखी छाटला, आकडा ६.२ अब्ज. सप्टेंबरात प्रांताचे वाहतूकमंत्री डेव्हिन ड्रीशन यांनी या छाटलेल्या मार्गासाठीचा निधी काढून घेतला. त्यांनी दोष ठेवला तो जुने महापौर नाहीद नेन्शी यांच्यावर. नेन्शी नुकतेच प्रांतातल्या विरोधी पक्षाचे नेते झाले होते, तेव्हा या हिशोबात अभियांत्रिकी किती आणि राजकारण किती हे ज्याने त्याने ठरवावं. तेव्हाच्या महापौर ज्योती गोंडेक यांच्या महापालिकेने तर काम गुंडाळायचीच तयारी केली होती. डिसेंबरमध्ये प्रांताने नेमलेल्या एकॉम या सल्लागार कंपनीने तोडगा दिला: बोगदा नको, दहाव्या अॅव्हेन्यूवरून आणि दुसऱ्या स्ट्रीटवरून खांबांवर उन्नत मार्ग.

जून २०२५ मध्ये आग्नेयेच्या शेपर्डकडच्या भागाचं काम सुरू झालं, तिथे जागा आधीच हातात होती. डाउनटाउनमधल्या उन्नत मार्गावर हरकती आल्या त्या दुसऱ्या स्ट्रीटवरच्या कचेऱ्यांच्या मालकांकडून. त्यांच्या खिडक्यांसमोरून रूळ जाणार, खाली रस्त्यावर सावली पडणार, आणि १९७० पासून इमारतींना पहिल्या मजल्यावर जोडत आलेले, थंडीत माणसांना बाहेर न पडता चालू देणारे ‘प्लस फिफ्टीन’चे काचेचे पूलही त्याच उंचीवर. उत्तरेकडच्या उपनगरांसाठी रेल्वेचा मुहूर्त अजून निघालेला नाही. सेंटर स्ट्रीटवर तोवर बसच आहे.